एक जूनला जन्मलेली माणसं

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात प्रज्ञा पहिल्यांदा आली, तेव्हा तिने माझ्या खिडकीशी खुर्ची ओढली, कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, लातूर जिल्ह्यात एक जूनला असतं तरी काय? निम्मं गाव त्याच दिवशी जन्मलंय."

मी खाली मान घालून हसले. माझी जन्मतारीखही एक जूनच होती, पण ते तिला तेव्हा सांगितलं नाही.

"माझ्या बाबांचीपण एक जूनच आहे," ती पुढे म्हणाली. "मला वाटायचं, धर्माबादचे गुरुजीच तेवढे आळशी होते."

गुरुजी आळशी नव्हते. शाळा जूनमध्ये भरायची. आईबाप पोराला हाताला धरून आणायचे, त्यांना तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि दिवस एक जूनचा टाकायचे. मग ती तारीख दाखल्यावर, तिथून रेशनकार्डावर, तिथून आधारवर. जी बाई शाळेत गेलीच नाही तिलाही कुणीतरी कुठल्यातरी कागदावर एक जून देऊन टाकला. आमच्या खिडकीवर आम्हीही तेच करत होतो. कुणी "काय ठाव बाई, लिही साठ" म्हटलं की साठ वर्षांपूर्वीचा एक जून.

दवाखान्यातल्या एका बाईंनी मला दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या. मी नाही म्हटलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना, म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवते आहे.

मी ह्या दवाखान्यात आधी झाडलोट करायची. पुढे खिडकीवरची मुलगी लग्न होऊन गेली आणि मला तात्पुरतं बसवलं, ते तात्पुरतंच चाललं आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. खिडकीला मात्र जाळी आहे. जाळीच्या पलीकडे एका वेळी एकच माणूस असतो, आणि त्यालाही नीट दिसत नसतं. तिथे मला बोलता येतं.

प्रज्ञा नांदेडच्या एका लहानशा कंपनीत कामाला होती. आमच्या दवाखान्याचा डेटाबेस नवा करायचं काम तिच्याकडे आलं होतं. आठवड्यातून एकदा ती एसटीने यायची. मी तिला मॅडम म्हणायचे. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "मावशी, मला नावाने हाक मारा, नाहीतर मी तुम्हाला मॅडम म्हणीन." तेवढ्या भीतीने मी प्रज्ञा म्हणायला लागले.

डेटाबेस म्हणजे काय ते तिनेच मला समजावलं. एकमेकांशी नातं असलेले तक्ते. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात गावं, तिसऱ्यात डोळ्यांच्या तपासण्या. माणसाच्या ओळीत गावाचा नंबर असतो, त्यावरून गाव सापडतं. तपासणीच्या ओळीत माणसाचा नंबर असतो, त्यावरून माणूस सापडतो. आणि प्रत्येक रकान्याला आधीच सांगितलेलं असतं की तुझ्यात काय बसेल. मी त्याला रकान्याची जात म्हटलं. प्रज्ञा म्हणाली, "प्रकार म्हणा, मावशी." तेव्हापासून मी प्रकारच म्हणते.

प्रकार थोडे असतात. आकडा, अक्षरं, तारीख, असे. त्यातला तारखेचा रकाना भारी हट्टी. दिवस, महिना, वर्ष तिन्ही दिलं तरच घेणार. "भूकंपात कडेवर होतो" असं लिहिलं तर लाल ओळ दाखवून परत. म्हणजे खरं लिहिलं तर घेत नाही आणि एक जून लिहिला तर मुकाट घेतो.

"आपण त्याला नवा प्रकार शिकवू," प्रज्ञा म्हणाली.

मला वाटलं, ती कुठूनतरी विकत आणणार. तसं नव्हतं. असे डेटाबेस असतात की त्यांना आपला स्वतःचा प्रकार शिकवता येतो. मात्र सगळं सांगावं लागतं. आपण लिहिलेलं आत कसं घ्यायचं, साठवायचं कसं, परत दाखवायचं कसं, आणि दोन समोर ठेवले तर कुठला आधीचा ते कसं ठरवायचं. एकेका शिकवणीला ती फंक्शन म्हणायची. आमच्या प्रकाराचं नाव आम्ही ठेवलं अदमास. त्यात दोन टोकं असायची: ह्या वर्षाच्या आधीचा जन्म नसणार, आणि ह्या वर्षाच्या नंतरचा नसणार. सोबत, हे कशावरून म्हणतो तेही. कागदावरून, की आईने सांगितलं म्हणून, की एखाद्या प्रसंगावरून.

प्रसंगांचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. रझाकाराचे दिवस, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, हे सगळ्या गावांना लागू. पण गावात लाईट कधी आली, पहिली एसटी कधी आली, तलाव कधी झाला, हे गावागणिक वेगळं. मी प्रत्येक गावच्या दोघातिघांना विचारून लिहायची. प्रज्ञाने फंक्शन असं केलं की मी मराठीत 'भूकंपाच्या वेळी रांगत होतो' लिहिलं तर ते स्वतः दोन टोकं काढायचं. चुकायचंही. अहमदपूरकडच्या एका आजोबांनी "दुष्काळातलं पोरगं हाय" म्हटलं, मी दुष्काळ लिहिलं, फंक्शनने बहात्तर धरलं. जाळीतून बघितलं तर शेजारी आठदहा वर्षांचा नातू उभा. आजोबा म्हणत होते ते लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या वर्षीचं. प्रज्ञा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग आम्ही दुष्काळ दोन केले.

एकदा औशाकडचे दोघे भाऊ आले. कागदावर थोरला एका वर्षाने धाकटा होता. जुन्या यादीत धाकट्याचं नाव वर आलं, मी तेच आधी पुकारलं.

थोरला जाळीला नाक लावून म्हणाला, "असं कसं? मी ह्याला खांद्यावर बसवून जत्रंला नेलंय."

धाकटा म्हणाला, "सरकारी कागद हाय. आजपास्नं तूच पाया पडायचं माझ्या."

"पडतो की. पण मग आईला कोण सांभाळणार, थोरला का धाकटा?"

धाकट्याने लगेच रांगेतली जागा सोडली. दोघांची आई बाकावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "भांडू नगा रं. ह्यो झाला तवा गावात लाईट आल्ती, आन् त्यो झाला तवा चिमणीच व्हती." दोघांचा अदमास तिथेच पक्का झाला.

आता एक गोष्ट समजून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोन पुऱ्या तारखा समोर ठेवल्या तर कोण मोठा ते लगेच कळतं. दोन अदमास ठेवले तर तीनांपैकी एक उत्तर येतं: हो, नाही, आणि सांगता येत नाही. एकाची टोकं दुसऱ्याच्या टोकांत शिरली असतील तर खरोखरच सांगता येत नाही. प्रज्ञाला ह्याचा आनंद झाला होता. ती म्हणाली, "डेटाबेसला हे तिसरं उत्तर आधीपासून येतं, मावशी. आपल्याला फक्त ते वापरायचंय."

यादी लावताना मात्र ते चालत नव्हतं. ओळीने उभं करायचं तर कुणीतरी पुढे, कुणीतरी मागे हवंच. मग आम्ही ठरवलं, ज्याचं पहिलं टोक आधीचं तो पुढे. "हा नुसता उभं राहण्याचा क्रम. थोरलेपणाचा नाही," असं तिने फंक्शनच्या वर लिहूनसुद्धा ठेवलं.

मला ते सगळं आवडत होतं. पहिल्यांदाच माणसं सांगतात तसं मी लिहीत होते. कुणी "काय ठाव बाई" म्हटलं की मी म्हणायची, "असू द्या. काय काय आठवतं ते सांगा." माणसं खुलायची. मागची रांग ओरडायची, पण खुलायची.

पारूबाई त्यातच आल्या. किल्लारीच्या बाजूच्या एका गावच्या. भूकंपात घर गेलं, नवरा गेला, पुनर्वसनाच्या घरात मुलगा-सुनेजवळ राहायच्या. त्यांना काचबिंदू होता. मोतीबिंदू पिकला तरी काढता येतो, नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि जेवढी नजर जाते तेवढी कायमची जाते. दाब वरचेवर मोजायचा, थेंब बदलायचे, एवढंच हातात. त्यासाठी काचबिंदूच्या ज्या पेशंटना साठी उलटली आहे, त्यांना गावातून आणायला दवाखान्याची गाडी जायची. कुणाला घ्यायचं त्याची यादी कॉम्प्युटर द्यायचा.

कागदावर पारूबाईंचा एक जून होता आणि त्या हिशेबाने साठी केव्हाच उलटली होती. मी त्यांना नव्याने विचारलं.

"दुष्काळाच्या कामावर व्हते मी," त्या म्हणाल्या. "खडी फोडाया बसले तर मुकादम म्हनला, लहान हायस, हातावर मारून घेशील. मग पानी वाटाया लावलं. कळशी घिऊन सगळ्या बायांकडं हिंडायची."

म्हणजे दुष्काळात कळशी उचलण्याइतकी मोठी आणि हातोडा न देण्याइतकी लहान. फंक्शनने टोकं काढली. लहानात लहान धरलं तर साठीच्या अलीकडे, मोठ्यात मोठं धरलं तर पलीकडे. मी समाधानाने लिहिलं. कागदापेक्षा हे खरं होतं.

त्यानंतर गाडी गेली ती अर्धी रिकामी आली. गाडी खाजाभाई चालवायचे. ते खिडकीशी येऊन म्हणाले, "मावशी, गाडी आधी खालीच आयी. लोगां किधर गये?" सगळे म्हणाले, सोयाबीनची काढणी आहे, कोण येणार. मलाही पटलं. काढणीत माणूस ताप अंगावर काढतो, डोळ्याचं काय घेऊन बसलात. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. तेव्हा लग्नसराई होती.

मग एक दिवस पारूबाई स्वतःच आल्या. जीपने, मग एसटीने, सुनेच्या खांद्याला धरून. दारातून आत येताना उजवा खांदा चौकटीवर आपटला. मी ते बघितलं. उजव्या अंगाची चौकट त्यांना दिसलीच नव्हती.

त्या जाळीशी आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, मला कामून वगळलं गं? दोनदा गाडी दारावरनं गेली. मी त्या दिशी काय वंगाळ बोलले का?"

मी म्हटलं, "न्हाई ओ आत्या, तुम्ही काय बोलणार."

"मग? मी रातच्याला इचार करायची. कळशीचं सांगितलं, ते सांगाया नगं व्हतं. बाईला वाटलं आसल, म्हातारी वय चोरती."

मी खिडकी सोडून उठले. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, ती येणार नव्हती. डाव्याचा दाबही वाढला होता, पण तो डोळा वाचण्यासारखा होता. ऑपरेशन करायचं ठरलं. मी आयुष्यात फोनवर कुणाशी मोठ्याने बोलले नव्हते, त्या दिवशी नांदेडला फोन लावून म्हटलं, "प्रज्ञा, उद्या ये. यादी माणसं गाळायला लागली."

ती सकाळच्या पहिल्या गाडीने आली. आधी पारूबाईंची ओळ काढली. ओळ जागेवर होती, काही पुसलेलं नव्हतं. मग तिने यादीला विचारलेला प्रश्न बघितला. प्रश्न एवढाच होता: साठीच्या पुढे आहे का? 

"मावशी," ती म्हणाली, "प्रश्न विचारला की डेटाबेस ज्यांचं उत्तर 'हो' आहे तेवढ्याच ओळी देतो. 'नाही' आलं की ती ओळ सोडतो. आणि पारूबाईंसारखं 'सांगता येत नाही' आलं तरी सोडतो. लाल ओळ येत नाही, आवाज येत नाही."

"दोन्ही सारखंच धरतो?"

"सोडताना सारखंच. हे मला माहीत होतं. शिकलेलं आहे मी हे. पण ते तिसरं उत्तर म्हणजे कुणीतरी रस्त्यावर गाडीची वाट बघत उभं आहे, असं डोळ्यापुढे आलं नाही."

 सोयाबीनची काढणी मीही मानून घेतली होती.

व्यवस्थापक साहेबांनी आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण घाबरला होता. म्हणाले, "जुनंच बरं होतं. खोटं का असेना, गाडी भरून यायची. टाका सगळ्यांना परत एक जून."

ते बोलत होते त्यात खोटं काही नव्हतं. खोट्या तारखेने पारूबाई गाडीत बसल्या होत्या आणि खऱ्या अदमासाने त्या रस्त्यावर राहिल्या होत्या.  प्रज्ञा म्हणाली, "सर, एक जून टाकला की एक चूक झाकली जाईल. ज्यांना गुरुजींनी लहान करून ठेवलंय ते मग कधीच यादीत येणार नाहीत. ते तर येऊन विचारतसुद्धा नाहीत."

"मग काय करायचं?"

"प्रश्न बदलायचा."

आम्ही दोघी खिडकीवर येऊन बसलो. तिने कागदावर दोन शब्द लिहिले. नक्की. असेल. म्हणाली, "दोन फंक्शन करू. एक विचारेल, साठीच्या पुढे नक्की आहे का? दुसरं विचारेल, साठीच्या पुढे असेल का? पारूबाई पहिल्यात येणार नाहीत, दुसऱ्यात येतील. पण कुठल्या कामाला कुठलं लावायचं, हे मावशी, मला डेटाबेस सांगणार नाही."

मी म्हटलं, "गाडीला 'असेल' लाव."

"मग पन्नाशीतला एखादा बसून येईल."

"येऊ दे. जागा रिकामीच होती."

तिने 'असेल'पुढे गाडी असं लिहिलं. मग म्हणाली, "आणि काढून घ्यायचं असेल तेव्हा? समजा साठीच्या आतल्यांचं नाव कमी करा असा वरून हुकूम आला?"

"तेव्हा 'नक्की' लाव. साठीच्या आत नक्की आहे का, असं विचार."

तिने तेच वहीत एका ओळीत लिहून घेतलं: द्यायचं असेल तर 'असेल' विचारायचं, काढून घ्यायचं असेल तर 'नक्की' विचारायचं. साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि एकच भर घातली: ज्यांचं सांगता येत नाही त्यांची वेगळी यादी दर खेपेला निघाली पाहिजे आणि ती माणसाच्या हातात पडली पाहिजे. तो माणूस म्हणजे मी. तेव्हापासून गाडी निघायच्या आधी मी त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करते. फोनवर बोलायला मला अजून लाज वाटते. आधी पाणी पिते, मग लावते.

ते फंक्शन चालू झालं तेव्हा पहिल्याच खेपेला गाडी भरली. खाजाभाई म्हणाले, "मावशी, अब छतपे बिठाऊं क्या?" पण ज्यांची नजर मधल्या दोन खेपांत गेली त्यांची गेली. पारूबाईंसारखे आणखीही होते. त्यांची नावं मला ठाऊक आहेत, इथे लिहीत नाही.

पारूबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या दिवशी त्या गाडीची वाट बघत माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. प्रज्ञाचा तो आमच्याकडचा शेवटचा दिवस. दवाखान्यातल्या माणसांच्याही नोंदी अदमासात टाकायच्या राहिल्या होत्या. सगळ्यांच्या झाल्या आणि ती म्हणाली, "मावशी, तुमचं?"

"एक जून," मी म्हटलं.

"ते झालं गुरुजींचं. तुम्हाला काय आठवतं?"

एवढी वर्षं मी दुसऱ्यांना विचारत होते, मला कुणी विचारलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. विचारायला कुणी उरलं नाही. मी म्हटलं, "आई म्हणायची, दुष्काळात तलावाच्या कामावर जाताना मला बरोबर न्यायची. बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, त्यात मी निजायची. दुसरं काही ठाऊक नाही."

बाकावरून पारूबाई म्हणाल्या, "कुठला तलाव?"

मी माहेरच्या गावाकडचा तलाव सांगितला. त्यांनी मान वळवली. डाव्या डोळ्यात मला आणायला त्यांना पुरी मान वळवावी लागते.

"त्या तलावावरच की. बाभळी व्हत्या बांधाच्या अंगाला. झोळ्या बांधलेल्या असायच्या, लई. बाया म्हनायच्या, पोरे, पोराच्या तोंडात पान्याचं बोट दे गं, माझा हात मातीचा हाय." त्या थांबल्या. "मग तुलाबी पाजलं आसल मी."

प्रज्ञाने टाइप करायचं थांबवलं. मी जाळीतून हात बाहेर काढला, कामावर असताना मी तसं कधी करत नाही, आणि पारूबाईंनी तो धरला.

प्रज्ञाने माझ्या ओळीत दोन टोकं लिहिली. 'कशावरून' ह्या रकान्यावर येऊन तिने विचारलं, "काय टाकू?"

"पारूबाईंनी सांगितलं," मी म्हटलं.

"नक्की का, मावशी?"

बाहेर खाजाभाईंचा हॉर्न वाजला. पारूबाई सुनेचा खांदा धरून उठल्या, दाराशी गेल्या, हाताने उजवी चौकट चाचपली आणि बाहेर पडल्या.

"नाही," मी म्हटलं. "पण असेल."